वनस्वामित्व व दीर्घकालीन वननियोजन

वनभूमी, तीवरील वृक्ष, तसेच गवत, पाला, मध, डिंक इ. उत्पन्न यांवरील निरनिराळ्या हक्कांच्या व्यवस्थेस वनस्वामित्व म्हणतात. तर वनाची तोड, पुनरुत्पत्ती, संरक्षण व उपयोग यांचा अनेक दशकांचा कार्यक्रम आधी आखून त्याप्रमाणे वन राखण्याच्या पद्धतीस दीर्घकालीन वननियोजन असे म्हणतात. शेतीचे पीक काही महिन्यांत हाती येते. फळबाग काही वर्षांत फळते. पण चांगल्या जमिनीवरील सागाचे वन पक्व होण्यास सु. ६० ते ८० वर्षे आणि ओकसारख्या वृक्षांच्या वनास शंभराहून अधिक वर्षे लागतात. लावणारा, राखणारा व तोडणारा या तीन भिन्न पिढ्यांतील व्यक्ती असतात. त्यामुळे वनाच्या बाबतीत ‘मालक कोण’ या प्रश्नाला ‘इतका काळ वाट पाहू शकेल असा मालक कोण’ असे वेगळे रूप प्राप्त होते. या प्रश्नाला एकोणिसाव्या शतकात जे उत्तर देण्यात आले, त्यावर भारतातील वनव्यवस्था उभारली गेली व त्यातूनच तेथील वनविषयक संघर्षही उद्‌भवले.

यूरोपीय पार्श्वभूमी : जहाजबांधणीसाठी ओकचा पुरवठा अखंड राहावा, म्हणून फ्रान्समध्ये कॉलबेअरच्या प्रेरणेने १६६९ मध्ये व्यापक वनविषयक वटहुकूम काढण्यात आला. सॅक्सनीतील फ्रायबेर्क येथील खाणींचा प्रशासक हान्स कार्ल फोन कार्लोव्हित्स (१६४५–१७१४) याने धातू वितळविण्याच्या भट्ट्यांना लागणाऱ्या लाकडाच्या टंचाईचा विचार करून १७१३ मध्ये वनसंवर्धनावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला व जेवढे वाढते तेवढेच तोडावे, हे तत्त्व मांडले. पुढे गेओर्ख लूटव्हिख हार्टिख (१७६४–१८३७) व हाइन्‍रिख कोट्टा (१७६३–१८४४) यांनी या तत्त्वाला मोजमापाची जोड दिली. वनाचे नकाशे करून त्याचे कक्ष पाडणे, प्रत्येक कक्षातील वृक्षांचे वय व साठा ठरविणे आणि आवर्तनकालाइतक्या वर्षांत सर्व कक्ष क्रमाने तोडीखाली येतील अशी मांडणी करणे, ही पद्धत त्यांच्या काळात स्थिर झाली. फ्रान्समध्ये नॅन्सी येथे १८२४ मध्ये वनविद्यालय स्थापन झाले.

मार्टिन फाउस्टमान (१८२२–७६) याने १८४९ मध्ये वनभूमीच्या मूल्याचे सूत्र दिले. त्यानुसार व्याजाचा दर जसा वाढतो तसा मालकास लाभदायक ठरणारा आवर्तनकाल कमी होतो. कर्ज, वारसावाटणी व व्याज यांच्या दडपणाखाली असलेला खाजगी मालक झाडे लवकर तोडतो. राज्यसंस्था मात्र चिरंजीव असते आणि म्हणून दीर्घ आवर्तनाची वने तिच्याच हाती असावीत, असा विचार वनशास्त्रज्ञांत रूढ झाला. स्वित्झर्लंडमध्ये मात्र बहुतांश वने ग्रामसमाज व नगरे यांच्या मालकीची राहिली. तेथील कूव्हे या गावाच्या सामाईक वनात आंरी बीओले याने १८९० पासून ठराविक वर्षांनी प्रत्येक झाड मोजून व वाढ पाहून तोड ठरविण्याची पद्धत चालविली. दीर्घ नियोजनास राज्याचीच मालकी लागते असे नाही, याचे हे एक ठळक उदाहरण होय.

भारतातील प्रारंभ : ईस्ट इंडिया कंपनीने मलबारातील साग जहाजबांधणीसाठी मिळविण्याकरिता १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन याची वनसंरक्षक म्हणून नेमणूक केली. त्याने लादलेल्या मक्तेदारीविरुद्ध व्यापारी व रहिवासी यांची गाऱ्हाणी वाढल्यामुळे १८२३ मध्ये ते पद रद्द करण्यात आले. मुंबई इलाख्यात १८४७ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन (१८००–६७) व मद्रास इलाख्यात १८५६ मध्ये डॉ. ह्यू क्लेगहॉर्न (१८२०–९५) हे वनसंरक्षक झाले. १८५३ मध्ये मुंबई ते ठाणे हा लोहमार्ग सुरू झाला आणि त्यानंतर लाकडाच्या मागणीचे स्वरूपच पालटले. एक मैल लोहमार्गास सु. १,७०० ते २,००० स्लीपर लागत व ते काही वर्षांनी बदलावे लागत. लॉर्ड डलहौसीच्या १८५५ च्या धोरणपत्रकाने शासकीय वनांतील साग ही राज्याची मालमत्ता असल्याचे घोषित केले.

१८५६ मध्ये ब्रह्मदेशातील पेगू प्रांताच्या सागवनांचा कारभार डीट्रिख ब्रांडिस (१८२४–१९०७) या जर्मन वनस्पतिवैज्ञानिकाकडे आला. त्याने वनातून सरळ पट्टे आखून त्यांतील सागाची झाडे मोजली, घेरानुसार त्यांचे वर्ग पाडले आणि खालच्या वर्गातील झाडांना वरच्या वर्गात येण्यास लागणाऱ्या कालावधीवरून दरसाल किती पक्व झाडे तोडावीत हे ठरविले. उभा साठा व वाढीचा वेग यांवरून तोडीची मर्यादा बांधण्याचा भारतीय साम्राज्यातील हा पहिला मोठा प्रयोग होय. १८६४ मध्ये ब्रांडिस हा पहिला वनमहानिरीक्षक झाला.

स्वामित्वाचा वाद : १८६५ च्या अधिनियमाने शासनास वने ताब्यात घेण्याचा अधिकार मिळाला, परंतु लोकांच्या विद्यमान हक्कांना त्यामुळे बाध येऊ शकत नव्हता. ही मर्यादा दूर करण्यासाठी नव्या कायद्याचा विचार सुरू झाला, तेव्हा वनाधिकाऱ्यांत व शासनातच तीव्र मतभेद झाले. बी. एच. बेडन-पॉवेल (१८४१–१९०१) याच्या मते, लागवडीखाली नसलेली सर्व जमीन पूर्वीच्या राज्यकर्त्यांकडून वारशाने आलेली राज्याची मालमत्ता होती आणि रहिवाशांचा वापर हा हक्क नसून केवळ सवलत होती. ब्रांडिसने यूरोपातील वहिवाटीच्या हक्कांशी तुलना करून मध्यम मार्ग सुचविला : महत्त्वाची वने राज्याने राखावीत व बाकीच्यांपैकी पुरेशी वने गावांकडे द्यावीत. गावाभोवतालची वने गावकऱ्यांचीच आहेत, अशी मद्रास शासनाची भूमिका होती आणि त्या इलाख्याने १८८२ मध्ये स्वतंत्र कायदा केला. पुणे सार्वजनिक सभेनेही नव्या कायद्यास आक्षेप घेतला.

१८७८ च्या अधिनियमात राखीव, संरक्षित व ग्राम असे वनांचे तीन वर्ग करण्यात आले. राखीव वन घोषित करण्यापूर्वी वन जमाबंदी अधिकाऱ्याने हक्कांची चौकशी करावी आणि मुदतीत न मांडलेले हक्क सामान्यतः संपुष्टात यावेत, असे ठरले. लेखी पुरावा व कचेरीची भाषा यांपासून दूर असलेल्या समाजांच्या दृष्टीने ही तरतूद निर्णायक ठरली. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात हीच चौकट कायम राहिली. ग्रामवनांचे प्रकरण दोन्ही कायद्यांत असूनही त्याचा उपयोग फारच थोडा करण्यात आला. म्हणजे ब्रांडिसच्या योजनेतील राज्याचा भाग अमलात आला व गावांचा भाग कागदावर राहिला.

कार्य आयोजना : राखीव वनांसाठी ‘कार्य आयोजना’ नावाचा लेखी आराखडा तयार करण्याची पद्धत विल्यम श्लिख (१८४०–१९२५) याच्या कारकीर्दीत दृढ झाली. १८८४ पासून प्रांतांतील आयोजना वनमहानिरीक्षकाकडून तपासल्या जाऊ लागल्या. कार्य आयोजनेच्या पहिल्या भागात वनाचे वर्णन, पूर्वीची व्यवस्था, साठा व लोकांच्या गरजा यांची नोंद असते. दुसऱ्या भागात पुढील काळातील कामे दिलेली असतात. वनाचे कक्ष पाडून दरवर्षी तोडावयाचे क्षेत्र, म्हणजे ‘कूप’, नकाशावर क्रमाने दाखविले जाते. आयोजनेची मुदत साधारणतः १० वर्षे असते व मुदत संपताच ती सुधारून पुन्हा लिहिली जाते. आवर्तनकाल ८० वर्षांचा असेल, तर एका पिकाच्या आयुष्यात आठ आयोजना येतात. म्हणून आधीच्या आयोजनांचा इतिहास हा प्रत्येक नव्या आयोजनेचा महत्त्वाचा भाग असतो.

या पद्धतीमुळे बेबंद तोडीस आळा बसला, वनांचे नकाशे व नोंदी तयार झाल्या आणि वणव्यांपासून संरक्षणाची व्यवस्था उभी राहिली, हे निर्विवाद आहे. तथापि चिरंजीव मालकाचा संयम गृहीत धरला होता तितका टिकला नाही. दोन्ही महायुद्धांच्या काळात लष्करी मागणीसाठी आयोजनांतील मर्यादा ओलांडून तोड करण्यात आली. महसुलाची अपेक्षाही सतत असे. राज्यसंस्था चिरंजीव असली, तरी तिचे अंदाजपत्रक एका वर्षाचे असते व तिची निकड तात्कालिक असते, हे त्यातून दिसून आले.

लोकांच्या तक्रारी व चळवळी : कोकणात भाताची रोपे करण्यापूर्वी वाफ्यावर पाला, फांद्या, गवत व शेण पसरून जाळण्याची, म्हणजे राब करण्याची, पद्धत आहे. त्यासाठी लागणारी शिरडे लोक वरकस जमिनीतून व जवळच्या रानातून आणीत. राखीव वनांच्या हद्दी पडताच त्यांवर निर्बंध आले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील असंतोषामुळे मुंबई शासनाला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या शेतकऱ्याचा असूड या ग्रंथात, गायराने व डोंगर जंगलखात्याच्या ताब्यात गेल्यामुळे शेतकऱ्यांची जनावरे कशी निराधार झाली, हे मांडले आहे. १८९४ च्या वनधोरणाने शेतीच्या गरजांना तत्त्वतः प्राधान्य दिले. पण व्यवहारात फारसा फरक पडला नाही.

१९३० च्या सविनय कायदेभंगात समुद्रापासून दूर असलेल्या प्रदेशांत मिठाची जागा गवताने घेतली. लोकनायक माधव श्रीहरी अणे यांनी जुलै १९३० मध्ये पुसद येथे राखीव वनातील गवत कापून सत्याग्रह केला. बिळाशी, संगमनेर इ. ठिकाणीही जंगल सत्याग्रह झाले. रायगड (तत्कालीन कुलाबा) जिल्ह्यातील चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी झालेल्या गोळीबारात सत्याग्रही मारले गेले. कुमाऊँमध्ये राखीव वनांविरुद्ध १९२१ मध्ये वणवे लावण्यापर्यंत लोकक्षोभ पोहोचल्यावर शासनाने चौकशी समिती नेमली आणि १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम करून वनांचा काही भाग गावांच्या व्यवस्थापनाखाली दिला.

स्वातंत्र्योत्तर काळ : १९५२ च्या राष्ट्रीय वनधोरणाने देशाच्या एकतृतीयांश भूमीवर वने असावीत, हे उद्दिष्ट ठरविले, परंतु राष्ट्रीय हित गावांच्या गरजांहून वरचढ मानले. जमीनदारी व मालगुजारी नष्ट करणाऱ्या कायद्यांमुळे खाजगी वने राज्याकडे आली. जुन्या मध्य प्रदेशात, म्हणजे विदर्भातही, हे स्थित्यंतर १९५१ मध्ये झाले. मालकी जाणार अशी चाहूल लागताच देशाच्या अनेक भागांत जमीनदारांनी मिळेल त्या भावाने वने तोडून विकली. स्वामित्व अनिश्चित झाले की, दीर्घ मुदतीचे पीक आधी नाहीसे होते, याचा हा प्रत्यक्ष पुरावा ठरला.

महाराष्ट्रात ३० ऑगस्ट १९७५ पासून महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम अमलात आला आणि खाजगी वने शासनाकडे निहित झाली. काही जमिनींबाबत पूर्वीच्या दशकांत काढलेल्या नोटिशींच्या आधारे त्या वन असल्याची नोंद पुढे अनेक वर्षांनी अधिकार-अभिलेखात घेतली गेली. मुंबईच्या उपनगरांत अशा जमिनींवर तोवर वसाहती उभ्या राहिल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने ३० जानेवारी २०१४ रोजी गोदरेज अँड बॉइस प्रकरणी निर्णय दिला की, नोटीस केवळ काढणे पुरेसे नसून ती मालकावर बजावली जाणे आवश्यक आहे.

राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७२ मध्ये मानवनिर्मित वनांचा पुरस्कार केला. त्यास अनुसरून १९७४ मध्ये महाराष्ट्र वन विकास महामंडळ स्थापन झाले व कमी उत्पन्नाची मिश्र वने तोडून तेथे मुख्यतः सागाची लागवड सुरू झाली. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने वन हा विषय समवर्ती सूचीत आला. वन (संवर्धन) अधिनियम, १९८० अन्वये वनभूमीच्या वनेतर वापरास केंद्राची पूर्वसंमती आवश्यक झाली (२०२३ मध्ये या अधिनियमाचे नाव व व्याप्ती बदलण्यात आली). १९८८ च्या वनधोरणाने पर्यावरणीय स्थैर्य हे मुख्य उद्दिष्ट मानून उत्पन्नास दुय्यम स्थान दिले. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणी आदेश दिला की, ‘वन’ या शब्दाचा अर्थ स्वामित्व कोणाचेही असले, तरी कोशातील अर्थाप्रमाणे घ्यावा आणि केंद्राने मान्य केलेल्या कार्य आयोजनेवाचून वनात तोड करू नये. अशा रीतीने कार्य आयोजनेस केवळ खात्यांतर्गत दस्तऐवजाहून अधिक महत्त्व प्राप्त झाले. तिच्यासाठीच्या राष्ट्रीय संहिता २००४, २०१४ व २०२३ मध्ये प्रसिद्ध झाल्या.

संशोधन : डेहराडून येथे १८७८ मध्ये वनविद्यालय व १९०६ मध्ये वनसंशोधन संस्था स्थापन झाली. एकाच भूखंडावरील वृक्षांची ठराविक वर्षांनी मोजणी करून त्यांच्या वाढीची कोष्टके तयार करणे, हे दीर्घकालीन वनसंशोधनाचे मुख्य साधन होय. ज्याने भूखंड आखला तो संशोधक त्याचा अंतिम निष्कर्ष पाहण्यास क्वचितच हयात असतो; म्हणून अशा संशोधनात नोंदींचे सातत्य राखणारी संस्था ही व्यक्तीहून महत्त्वाची ठरते. सॅक्सनीत एकाच जातीच्या स्प्रूस वृक्षांची लागवड प्रथम अतिशय यशस्वी वाटली. परंतु काही ठिकाणी दुसऱ्या पिढीच्या पिकाची वाढ खुंटल्याचे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच ध्यानात आले. वननियोजनातील चूक उघडकीस येण्यास एक आवर्तन लागू शकते, हे यावरून स्पष्ट होते.

मोजणी कशाची करावयाची, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. इमारती लाकडाची कोष्टके झाली. पण पाला, गवत, कंदमुळे, मोहफुले व औषधी वनस्पती यांची पद्धतशीर मोजणी दीर्घकाळ झाली नाही. जे मोजले गेले नाही ते आयोजनेत आले नाही आणि जे आयोजनेत आले नाही त्यावरील लोकांची उपजीविका अडथळा म्हणून गणली गेली. कर्नाटकात माधव गाडगीळ व त्यांचे सहकारी यांनी १९७५ पासून बांबूचा अभ्यास केला, तेव्हा कागद गिरण्यांना पुरवठा ठरविताना बांबूच्या साठ्याचा अंदाज वास्तवापेक्षा पुष्कळ जास्त धरला गेल्याचे आढळले. बेटाच्या बुडाशी असलेली काटेरी जाळी साफ करण्याची शिफारस प्रचलित होती. प्रत्यक्षात तीच जाळी कोवळ्या कोंबांचे गुरांपासून रक्षण करीत असे. ही गोष्ट स्थानिक रहिवाशांना आधीपासून ठाऊक होती.

हक्कांचा नवा विचार : गॅरेट हार्डिन याने १९६८ मध्ये असे प्रतिपादन केले की, सर्वांना खुली असलेली संपत्ती अखेरीस नाश पावते, म्हणून ती राज्याच्या वा व्यक्तीच्या मालकीची असावी. एलिनॉर ऑस्ट्रम (१९३३–२०१२) हिने १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जगातील अनेक सामाईक संपत्तींच्या अभ्यासावरून दाखवून दिले की, वापराचे नियम स्वतः ठरविणारे, परस्परांवर देखरेख ठेवणारे व बाहेरच्यांस मज्जाव करू शकणारे समाज अशा संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकवितात. स्वामित्व ही एकसंध वस्तू नसून प्रवेश, उपभोग, व्यवस्थापन, मज्जाव व हस्तांतरण या हक्कांचा तो समूह आहे आणि हे हक्क निरनिराळ्या पक्षांकडे असू शकतात, हे विश्लेषण या अभ्यासातून पुढे आले. तिला २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

भारतात पश्चिम बंगालमधील आराबारी येथे १९७२ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगाच्या अनुभवावरून १९९० मध्ये संयुक्त वनव्यवस्थापनाचे धोरण आखण्यात आले. त्यात गावकऱ्यांना उत्पन्नात वाटा मिळाला. पण निर्णय मुख्यतः वनखात्याकडेच राहिला. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ याने मात्र पूर्वी झालेल्या ऐतिहासिक अन्यायाची उद्देशिकेतच कबुली दिली आणि सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण, पुनर्निर्माण व व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेस दिला. जमिनीचे हस्तांतरण करण्याचा हक्क त्यात नाही. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्याच्या मेंढा (लेखा) या गोंड गावास २००९ मध्ये सु. १,८०० हेक्टर वनावर असा हक्क मिळाला. देशात ही मान्यता प्रथम मिळविणाऱ्या गावांत त्याची गणना होते. देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहभागाने या गावात १९८० नंतरच्या काळापासून सर्वसहमतीने निर्णय घेण्याची व अभ्यास गटांची परंपरा निर्माण झाली होती. तरीही भारतीय वन अधिनियमात बांबूची गणना वृक्षांत होत असल्यामुळे त्याच्या विक्रीस अडथळा आला. २७ एप्रिल २०११ रोजी वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केल्यावर तो दूर झाला. पुढे गडचिरोली जिल्ह्यातील एक हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार अशा ग्रामसभांनी आपली व्यवस्थापन योजना तयार करावयाची असून ती वनखात्याच्या कार्य आयोजनेशी जोडून घ्यावयाची आहे. दोन्ही योजनांची उद्दिष्टे व मोजण्याच्या रीती भिन्न असल्यामुळे हा मेळ घालणे हे कठीण काम आहे.

सांप्रतचे स्वरूप : संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०२० च्या पाहणीनुसार जगातील सु. ७३ टक्के वने सार्वजनिक मालकीची होती. फिनलंडमध्ये निम्म्याहून अधिक वने कुटुंबांच्या व इतर खाजगी मालकीची असूनही कायद्याने पुनरुत्पत्तीची सक्ती केल्यामुळे ती टिकून आहेत. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशाचे वनाच्छादन ७,१३,७८९ चौ. किमी. (२१·७१ टक्के) व महाराष्ट्राचे ५०,७९८ चौ. किमी. (१६·५१ टक्के) होते. बदलत्या हवामानामुळे जुन्या कोष्टकांतील वाढीचे वेग पुढेही लागू पडतील, असे गृहीत धरता येत नाही. त्यामुळे नियोजनात वारंवार मोजणी व दुरुस्ती यांना अधिक महत्त्व आले आहे.

निरनिराळ्या देशांतील अनुभव पाहता, दीर्घकालीन नियोजन केवळ एका प्रकारच्या मालकीतच साध्य होते, असे म्हणता येत नाही. राज्य, व्यक्ती व ग्रामसमाज या तिघांनीही वने राखल्याची व गमावल्याची उदाहरणे आढळतात. हक्कांची निश्चिती, उभ्या साठ्याची प्रामाणिक नोंद आणि वनाच्या ऱ्हासाची झळ ज्यांना प्रथम पोहोचते त्यांचा निर्णयातील सहभाग, या तीन गोष्टी जेथे एकत्र आल्या तेथे वन टिकले. भारतीय वनव्यवस्थेने पहिल्या दोन गोष्टींचा पाया १८५६ ते १८७८ या काळात घातला. तिसरीला कायद्याने मान्यता मिळण्यास आणखी सु. १२५ वर्षे, म्हणजे सागाच्या जवळजवळ दोन आवर्तनांइतका काळ लागला.